अण्णा साळुंके : मूकपटातील एका आद्य नटाची कारकीर्द (प्रस्तावना)

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांसाठी खुला झाला, आणि सत्यासाठी राज्यावर पाणी सोडणाऱ्या पतीच्या मागोमाग वनवास पत्करणारी तारामती मुंबईकरांनी प्रथमच पडद्यावर पाहिली. ही तारामती, अंगावर राणीची वस्त्रे चढण्यापूर्वी, ग्रँट रोडच्या परिसरातील एका खानावळीत दरमहा दहा रुपयांच्या मुशाहिऱ्यावर चुलीपुढे राबत होती; तिचे नाव अण्णा हरी साळुंके. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची दृष्टी त्या आचाऱ्याच्या सडपातळ अंगकाठीवर आणि नाजूक हातांवर गेली, त्यांनी पंधरा रुपये देऊ केले, आणि पाच रुपयांच्या त्या वाढीवर एका अशा कारकिर्दीचा प्रारंभ झाला की, जी पुढे अठरा वर्षे चालली आणि जिच्यात आचारी, राणी, देव व छायाचित्रकार अशा चार अवस्था एकाच माणसाने आपल्या देहाने अनुभवल्या.

ही हकीकत मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र ती ज्या रीतीने सांगितली जाते, ती रीत साळुंक्यांना न्याय देणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फाळक्यांनी नटीसाठी खटपट केली, कलावंतिणींच्या वस्तीपर्यंत जाऊन विचारणा केली, कोणी तयार होईना, तेव्हा निरुपायाने त्यांनी एक आचारी उभा केला, एवढे सांगून सांगणारा पुढे जातो. आणि ऐकणाराच्या मनात साळुंके हे एका अडचणीचे तात्पुरते निवारण म्हणून राहतात. त्यांना त्या अडचणीतून मोकळे करावे, स्वकष्टाने एक नवी विद्या संपादन करणारा आद्य नट म्हणून त्यांच्याकडे पाहावे, आणि ज्या काळात चित्रपटातील नट म्हणजे काय हेच मुळी ठरलेले नव्हते त्या काळात हा धंदा कसा घडला याचा शोध त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे घ्यावा, हा पुढील पृष्ठांचा उद्देश आहे.

पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही त्या वेळच्या महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी नाटकाची पहिली सीता पुरुषाच्याच रूपाने अवतरली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि त्यानंतर किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिकेला संगीताचे वैभव दिले. ज्या वर्षी साळुंके तारामती झाले, त्याच १९१३ साली नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, आपली स्वतंत्र गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्त्रीपार्टी नट’ हा नाटक मंडळीतील एक मानाचा हुद्दा होता, आणि त्याच्या शालूची, चालण्याच्या ढबीची व पदर सावरण्याच्या लकबीची चर्चा प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही करीत असत. याचा अर्थ असा की, पडद्यावरील तारामती पुरुष आहे हे जाणूनही प्रेक्षकांच्या मनाला ठेच लागली नाही, कारण सोंग हे सोंग म्हणूनच श्रद्धेने पाहण्याची शिकवण त्यांच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली होती.

ही शिकवण केवळ नाटकगृहांतून आलेली नाही, याची खूण मी जेथे बसून ही प्रस्तावना लिहीत आहे त्या सातपुड्यातही पदोपदी सापडते. तोरणमाळच्या पठारावरील एका खोल दरीला लोक सीताखाई म्हणतात. रामायण येथल्या भूमीवर असे स्थळनामांतून उतरले आहे. तसेच होळीच्या दिवसांत माणसांच्या अंगावरचे सोंगही पाहावे. काठी या गावच्या राजवाडी होळीत ज्यांनी नवस केलेला असतो असे पुरुष बावा आणि बुध्या होतात, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी रेखतात, मोरपिसांचा उंच टोप मस्तकी धरतात, कमरेला वाळके दुधीभोपळे व घुंगरू बांधतात, आणि त्या दिवसांपुरते खाण्यापिण्याचे, निजण्याबसण्याचे कडक नियम पाळून रात्रभर नाचतात. सोंग घेणे म्हणजे कोणाला फसवणे, अशी कल्पना येथे कोणाच्याही मनाला शिवत नाही. सोंग हे एक व्रत असते, आणि ते घेणाराने आपला नेहमीचा देह त्या अवधीपुरता दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. साळुंक्यांनी पुढे साकारलेल्या सीतेला ज्या प्रेक्षकांनी हात जोडले, त्यांच्या भावनेचे मूळ शोधावयाचे तर ते अशाच एखाद्या जुन्या, सर्वसामान्य लोकांच्या आचारात शोधावे लागेल.

परंतु रंगभूमीची परंपरा पाठीशी असणे आणि चित्रपटात अभिनय करता येणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. स्त्रीपार्टी नटाची सारी पुंजी त्याच्या गळ्यात असे. पायपेटीच्या सुरावर पद उचलले की श्रोते त्याच्या दंडाची जाडी विसरत, ‘वन्स मोअर’च्या गजरात त्याचे वय विसरत; साळुंक्यांच्या तारामतीला मात्र बोलण्याचीही मुभा नव्हती. रंगभूमीवर दिव्यांच्या पिवळ्या उजेडात मुरदाडशिंग, पिवडी आणि हिंगूळ यांच्या मिश्रणाने जो रंग चेहऱ्यावर खुलत असे, तोही येथे निरुपयोगी, किंबहुना घातक होता. कारण त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती, आणि सौभाग्याचे लालभडक कुंकू किंवा ओठांवरील लाली तिच्यावर काळ्या डागासारखी उमटत असे. छायाचित्रण भर उन्हात चाले, कृत्रिम प्रकाशाची सोय नसे, आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, ज्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून शिवाय फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत, त्या पांढऱ्या चादरी धरून नटांच्या अंगावर सूर्याचा उजेड परतवीत. त्या उजेडात डोळे न मिचकावता, घामाने रंग ओघळू न देता, साडीचा काठ चेहऱ्यावर सावली पाडणार नाही अशा बेताने मान वळवून, पुत्रवियोगाचे दुःख दाखविणे ही कोणत्याही नाटक मंडळीच्या तालमीत शिकविली न गेलेली विद्या होती.

या विद्येचे मोजमाप करणे शक्य आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फूट फिल्मवर सोळा चित्रे बसतात. म्हणजे त्या मूकपटात साठ हजारांच्या आसपास स्थिरचित्रे होती, आणि तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे पाहा, अशी जी जाहिरात फाळक्यांनी केली ती या हिशेबाशी बरीच जुळती आहे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरविला जाई. छायाचित्रण त्र्यंबक बी. तेलंग करीत. दांडा फिरविणाऱ्या हाताच्या लयीशी नटाच्या हालचालीची लय जमली नाही, तर पडद्यावर राणी धावत सुटल्यासारखी किंवा गुंगीत असल्यासारखी दिसे. रंगभूमीवरचा नट प्रेक्षकांच्या प्रतिसादावर आपली चाल कमीअधिक करतो. येथे प्रतिसाद देण्यासाठी समोर एक लाकडी पेटी आणि तिच्या आतील घरघर, याखेरीज काहीही नव्हते. साळुंके या पेटीकडे पाहून शिकले, आणि पुढे त्यांनी तिच्या पलीकडची बाजूही का पत्करली याचे बीज या अनुभवात असावे, असा माझा तर्क आहे.

फाळक्यांच्या त्या कारखान्याची व्यवस्थाही विचारात घेण्याजोगी आहे. चित्रपटात काम करतो म्हणून सांगितले तर लोक नावे ठेवतील, तेव्हा हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, हा सल्ला त्यांनी आपल्या माणसांना दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. दादरच्या मुख्य रस्त्यावर त्यांनी हा पसारा मांडला, बाहेरील दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली, आणि तेथे ढाल-तलवारी घेतलेले हे लोक दरोडेखोर असावेत अशा समजुतीने गावकऱ्यांनी पोलिसांपर्यंत वर्दी पोहोचविली, मग फाळक्यांनी समजूत घालून सुटका करून घेतली, अशीही हकीकत सांगतात. लोकांच्या लेखी या धंद्याला तोवर नाव नव्हते, दाखला नव्हता, समाजात जागा नव्हती. नाटक मंडळीतल्या नटाला निदान मालक, पंगत आणि राजाश्रय यांची ओळख होती; साळुंके मात्र पगारी नोकर म्हणून रुजू झाले, आणि पंधरा रुपयांच्या बदल्यात सांगेल ती भूमिका, सांगेल त्या उन्हात, हा त्यांच्या नोकरीचा अलिखित करार होता. भारतीय चित्रपटातील अभिनय हा प्रारंभी असा मजुरीच्या पोटी जन्माला आला, याची लाज वाटण्याचे कारण नाही. उलट, कष्टकऱ्याच्या काटेकोरपणातूनच ही कला उभी राहिली, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, आणि त्यात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची व त्यांची किशोरवयीन कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी मोहिनीची भूमिका केली. भारतीय पडद्यावर स्त्रियांनी पाऊल ठेवले ते या मायलेकींच्या रूपाने, आणि तेही साळुंक्यांच्या तारामतीला वर्ष पुरे होण्यापूर्वीच. साळुंके हे केवळ स्त्रीच्या अभावी वापरलेले साधन असते, तर त्यांच्या स्त्रीभूमिकांचा इतिहास येथेच आटोपला असता. प्रत्यक्षात १९१७ साली ‘लंकादहन’ काढताना फाळक्यांनी सीतेची भूमिका साळुंक्यांनाच दिली, आणि तेवढ्यावर न थांबता रामाची भूमिकाही त्यांच्याच हवाली केली. घरंदाज स्त्रिया तेव्हाही चित्रपटाकडे फिरकत नव्हत्या, हे मान्य केले तरी राम होण्यासाठी पुरुषांचा तोटा खासच नव्हता. फाळक्यांच्या पारखी नजरेला साळुंक्यांत जे दिसले, ते स्त्रीसारख्या हातांपलीकडचे होते, एवढे यावरून निर्विवाद सिद्ध होते.

एकाच नटाने दोन प्रमुख भूमिका करण्याचे भारतीय चित्रपटातील हे पहिले उदाहरण म्हणून ‘लंकादहन’चा उल्लेख होतो. रामायणाचा तो भाग या प्रयोगाला विलक्षण अनुकूल होता, हे येथे सांगितले पाहिजे. सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे, आणि गणपत शिंदे यांनी साकारलेला मारुती या दोघांमध्ये निरोप नेणारा. म्हणजे कथाच पतिपत्नींना एका चौकटीत येऊ देत नाही, आणि एक देह विरहाच्या दोन्ही तीरांवर आलटून पालटून उभा राहू शकतो. साळुंक्यांची पुरुषी छाती रामाला शोभली, आणि तीच छाती पदराआड घेऊन, खांदे आत ओढून, नजर जमिनीवर खिळवून बसलेली सीता विश्वसनीय वाटली. सीतेच्या दंडावरील स्नायू दिसतात, अशी तक्रार सूक्ष्मदर्शी प्रेक्षकाला करता आली असती. परंतु मुंबईत राम पडद्यावर अवतरताच लोक पायांतील वहाणा काढून ठेवीत, ही जी आठवण सांगितली जाते, तिच्यात त्या तक्रारीचे उत्तर सामावलेले आहे. ज्यांनी वहाणा काढल्या, त्यांना तो राम घटकेपूर्वी सीता होता हे ठाऊक होते.

येथे बालगंधर्वांशी एक तुलना अपरिहार्य होते. स्त्रीभूमिकेत ज्यांच्या तोडीचा नट महाराष्ट्राने पाहिला नाही, असे बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत आले, आणि १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीरूपाने पडद्यावर उभे राहिले. स्वर तोच, तपश्चर्या तीच. तरीही रंगभूमीवर ज्या प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी रात्री जागविल्या, त्यांनी ती पडद्यावरची मीरा स्वीकारली नाही. मधल्या काळात प्रेक्षकांना पडद्यावर खऱ्या स्त्रिया पाहण्याची सवय झाली होती, बालगंधर्वांचे वयही उतरले होते, ही कारणे खरीच; परंतु कॅमेऱ्याची जवळीक ही रंगभूमीच्या अंतरापेक्षा निराळी वस्तू आहे, आणि तिच्यासाठी देहाला निराळे वळण लावावे लागते, हेही त्या अपयशाने दाखविले. ज्या आचाऱ्याला गाणे नव्हते, ज्याच्या मागे ऑर्गन आणि सारंगी नव्हती, त्याने हे वळण बालगंधर्वांच्या आधी वीस वर्षे साधले होते. गळा नसलेल्याला देहच गळा करावा लागतो.

साळुंक्यांच्या कारकिर्दीचे मर्म अधिक उजळ व्हावे म्हणून वाचकाने आशियाच्या दुसऱ्या टोकाकडे, जपानकडे, थोडा वेळ पाहावे, अशी माझी विनंती आहे. तेथे १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर मज्जाव झाला, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची, ज्यांना ओन्नागाता म्हणतात त्यांची, एक तेजस्वी परंपरा निर्माण झाली. चित्रपट आला तेव्हा तीच परंपरा त्याच्या दाराशी उभी होती. १८९९ साली दोन थोर काबुकी नटांचा ‘मोमिजिगारी’ हा नाट्यप्रवेश चित्रित झाला. १९०९ साली ओनोए मात्सुनोसुके हा मूळचा फिरत्या नाटक कंपन्यांतला नट दिग्दर्शक शोझो माकिनो याच्या हाताखाली चित्रपटात आला, आणि १९२६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे एक हजार चित्रपटांत काम केल्याचे सांगतात. त्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी जपानी पोराबाळांना वेड लावले. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा, पात्रांची भाषणे म्हणणारा बेन्शी तेथील मूकपटाला वाचा देई. आपल्याकडेही निरक्षर प्रेक्षकांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे असत, परंतु बेन्शीसारखी स्वतंत्र कीर्ती त्यांच्या वाट्याला आली नाही.

या जपानी मंडळीत साळुंक्यांचा खरा सहोदर शोधावयाचा, तर तो तेइनोसुके किनुगासा. हाही ओन्नागाता म्हणूनच चित्रपटात आला. पुढे नट्या पडद्यावर येऊ लागल्या आणि ओन्नागातांचे युग मावळले, तेव्हा किनुगासा कॅमेऱ्याच्या मागे गेला, १९२६ साली त्याने ‘कुरुत्ता इप्पेजी’ हा धाडसी मूकपट काढला, आणि १९५३ सालच्या त्याच्या ‘जिगोकुमोन’ला पुढील वर्षी कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. साळुंक्यांनीही हाच मार्ग धरला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन होऊन फाळक्यांचा दादरहून नाशिकला हललेला कारखाना भागीदारीचा झाला. त्यानंतर ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि ‘बुद्धदेव’ (१९२३) या चित्रपटांत साळुंके नट म्हणून दिसतात, तसेच छायाचित्रकार म्हणूनही त्यांची नोंद आहे, आणि पुढे तर ते सर्वस्वी कॅमेऱ्याचेच झाले. ज्याच्यावर एके काळी दांडा फिरे, तोच दांडा फिरवू लागला. नटाला कोणत्या क्षणी थांबावेसे वाटते, उन्हात त्याचा चेहरा केव्हा सैल पडतो, हे ज्याने स्वतः भोगले आहे अशा छायाचित्रकाराचे मोल मूकपटाच्या कारखान्यात किती असेल, याची कल्पना करावी.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ बोलू लागला. साळुंक्यांची चित्रपटातील कारकीर्दही त्याच वर्षी समाप्त होते. मूकपटाबरोबर उदय पावलेला हा कलावंत मूकपटाबरोबरच निवृत्त झाला. त्याच सालानंतर पडद्याच्या चाकरीत गळ्याची मागणी वाढली, गाणारे नट-नटी मोठ्या वेतनांवर आले, आणि ज्यांनी शब्दाविना करुण व वीर हे रस पडद्यावर प्रथम उभे केले, त्यांचे नाव श्रेयनामावलीच्या कागदांत राहिले.

ते कागद आणि त्या फिल्मा तरी कितीशा उरल्या आहेत! ‘लंकादहन’चा अल्पसा अंश शिल्लक आहे, ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आज पाहावयास मिळतो, तो १९१३ सालचा की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचा, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. नायट्रेटची ती फिल्म क्षणात पेट घेते, आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप विरघळते. जपानात १९२३ च्या महाभूकंपाने तोक्योतील चित्रपटांचा मोठा ठेवा नष्ट केला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, १९६४ साली स्थापना झाल्यापासून, पी. के. नायर यांच्या चिकाटीने फाळक्यांची रिळे हुडकून जतन केली, तरी २००३ च्या जानेवारीतील आगीत पुण्यात नायट्रेट फिल्मांचा अमोल साठा भस्मसात झालाच. जे वाचले आहे त्यावर आणि छापील नोंदींवर विसंबून या ग्रंथाची मांडणी केली आहे. जेथे आधार नाही तेथे कल्पनेचा रंग भरलेला नाही.

शेवटी एक आवाहन करून ही प्रस्तावना पुरी करतो. नाशिक, पुणे, कोल्हापूर आणि मुंबई येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर मूकपट कंपन्यांची हस्तपत्रके, पगाराच्या वह्या, नटांच्या तसबिरी, छायाचित्रणाची टाचणे अद्याप असू शकतात. त्यांत एखाद्या आचाऱ्याचा, सुताराचा, रंगाऱ्याचा पगार, हजेरी आणि काम लिहिलेले असेल. ज्यांच्याजवळ असे दप्तर आहे त्यांनी ते रद्दीत घालू नये, संग्रहालयाकडे सोपवावे, निदान त्याची नक्कल करू द्यावी. फाळक्यांचे चरित्र आपण पुष्कळ लिहिले; आता त्यांच्या मस्टरवरील माणसांची चरित्रे लिहिली पाहिजेत, आणि त्यांच्या यादीत पहिले नाव, न्यायाने, अण्णा साळुंके यांचे आहे.

तोरणमाळ, जि. नंदुरबार